कावेरीच्या मुलखातली चोळ देवळं आणि पिच्चावरमची खारफुटी: चार दिवसांचा बेत

तंजावरला जाऊन आलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: "आम्ही पोचलो आणि देऊळ बंद झालं." निवांत नाश्ता करून हॉटेलातून निघालेला माणूस साडेबाराला देवळाच्या दारात उभा राहतो, तेव्हा आत गाभारा बंद करण्याची तयारी चाललेली असते. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती थेट चार-साडेचारला उघडतात. सगळा बेत या मधल्या चार तासांभोवती आखायचा. देवळं सकाळी आणि संध्याकाळी. राजवाडे, संग्रहालयं, प्रवास आणि वामकुक्षी दुपारी. एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

मदुराई-रामेश्वरम-कन्याकुमारीच्या सहलींत तंजावरच्या वाट्याला जेमतेम दीड तास येतो. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे. कावेरी समुद्राला मिळण्याआधी जिथे पंख्यासारखी पसरते, त्या सपाट भातशेतीच्या मुलखात चोळ राजांची तीन जागतिक वारसा मंदिरं (तंजावर, दारासुरम आणि गंगैकोंड चोळपुरम) एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर उभी आहेत. पुढे चिदंबरम आणि त्याच्या पलीकडे खाडीतली खारफुटी. शिवाय 1676 ते 1855 या काळात इथे भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे मराठी माणसाला इथे वाचायला आणि शोधायला इतरांपेक्षा जास्त काही सापडतं. हे सगळं चार दिवसांत नीट बसतं.

आधी तारखा ठरवा

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आपल्याकडे तोवर पाऊस संपलेला असतो, म्हणून सहज तिकिटं काढली जातात. पण या किनाऱ्यावर पावसाचा खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. ईशान्य मोसमी वारे तेव्हाच येतात आणि नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही. पिच्चावरमच्या बोटी बंद, रस्त्यांवर पाणी, असं सगळं एकदम पदरी पडू शकतं.

नाताळापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. भात उभं असतं किंवा कापणीला आलेलं असतं, खाडीत पक्षी असतात आणि दगडी अंगणात अनवाणी चालता येतं. त्यातही 14 जानेवारीच्या आसपासचे पोंगलचे तीन-चार दिवस विचार करून निवडा. तेव्हा गाड्या आणि बसना तोबा गर्दी असते, पण मट्टू पोंगलला म्हणजे तिथल्या बैलपोळ्याला तंजावरच्या प्रचंड नंदीला भाज्या-फळांनी मढवतात, ते पाहण्यासारखं असतं. मार्चनंतर ऊन चढत जातं. एप्रिल-मे टाळाच, तेव्हा कावेरीच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी नुसती वाळू दिसते. शाळेच्या सुट्ट्यांमुळे ज्यांना दुसरा पर्यायच नाही, त्यांनी पहाटे साडेपाचला उठायची तयारी ठेवावी.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, म्हणजे त्रिचीचा. तिथून तंजावर साधारण 55 किलोमीटर. रेल्वेने यायचं तर आधी चेन्नई गाठा आणि तिथून रात्रीची गाडी धरा. उळवन एक्स्प्रेस चिदंबरम, कुंभकोणम करत सकाळी तंजावरला सोडते. चेन्नईतल्या गाड्यांचं सुटण्याचं स्थानक अधूनमधून बदलतं, तेव्हा तिकिटावर एग्मोर आहे की तांबरम, हे वाचूनच टॅक्सी सांगा.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायचा मोह होतो, पण त्यात रोज तीच वाट तुडवावी लागते. पहिली रात्र तंजावर, दुसरी कुंभकोणम, तिसरी चिदंबरम, असं पश्चिमेकडून पूर्वेला सरकत जा. तंजावर ते कुंभकोणम 40 किलोमीटर, बस सतत असतात. गंगैकोंड चोळपुरमच्या दिवशी मात्र गाडी ठरवा. बसने तिथे जाता येतं, पण दोन बदलाव्या लागतात आणि दुपारची बंद वेळ गाठली जाते. हिंदीच्या भरवशावर राहू नका. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. रिक्षावाल्याला तंजावरचं बृहदीश्वर मंदिर सांगताना 'पेरिय कोविल' म्हणा, लगेच कळतं.

त्रिचीला उतरून स्वतःच्या गाडीने येणार असाल, तर वाट थोडी वाकडी करून कल्लणैचा बंधारा पाहा. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. कावेरीचं पाणी इथे वेगवेगळ्या फाट्यांत वाटलं जातं आणि पुराचं पाणी कोळ्ळिडम या उत्तरेकडच्या फाट्याकडे वळवलं जातं. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने याचा बारकाईने अभ्यास केला होता. पुढच्या चार दिवसांत जे जे पाहाल, त्याचा पैसा या पाण्यातून आला. आधी भात पिकलं, मग देऊळ उभं राहिलं.

पहिला दिवस: तंजावर

सकाळी सहा-साडेसहाला बृहदीश्वराच्या देवळात हजर व्हा. चपला बाहेरच्या स्टँडवर ठेवायच्या. अर्धी चड्डी नको. धोतर, पँट, साडी, सलवार काहीही चालतं. पायमोजे जवळ असू द्या, कारण दहानंतर अंगणातला दगड तापू लागतो आणि पाहणं सोडून लोक सावलीकडे पळू लागतात. प्रवेशाला तिकीट नाही. अंगणात फोटो काढता येतात, गाभाऱ्यात नाही.

सगळ्यात बाहेरचा दरवाजा मराठ्यांच्या काळातला. त्यानंतर केरळांतकन आणि राजराजन हे चोळांचे दोन दरवाजे. राजराजनच्या दोन्ही बाजूंचे द्वारपाल पाहून आत शिरलात की समोर नंदी, आणि त्याच्या मागे ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. उंची 60 मीटरच्या वर. मदुराई किंवा श्रीरंगमला गोपुरं उंच आणि गाभारा ठेंगणा असतो. इथे उलट आहे. हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाला उंची देवाच्या डोक्यावर हवी होती, दारावर नको. 1010 साली त्याने या शिखरासाठी सोन्याने मढवलेला कळस दिला, असं इथला लेखच सांगतो. या सगळ्या परिसरात दगडाची खाणच नाही, नुसती गाळाची जमीन. हा सगळा ग्रॅनाईट लांबून ओढून आणलेला आहे.

दर्शन घ्या, पण तिथे थांबू नका. खरं पाहणं बाहेरून, विमानाला प्रदक्षिणा घालताना होतं. भिंतीवर कोनाड्यांच्या दोन रांगा आहेत. खालच्या रांगेत शिवाची वेगवेगळी रूपं. वरच्या रांगेत मात्र जवळजवळ प्रत्येक कोनाड्यात त्रिपुरांतकच, असुरांची तीन नगरं जाळणारा, धनुष्य घेतलेला शिव. राज्य वाढवत चाललेल्या राजाने कोणता देव पुन्हा पुन्हा कोरून घ्यावा, याचं उत्तर तिथे आहे. आता मान खाली घ्या. जोत्यावर ओळीच्या ओळी तमिळ मजकूर कोरलेला आहे: कोणी किती सोनं दिलं, कोणत्या गावाने किती भात द्यायचं, दिव्यांसाठी तूप कुठून यायचं. देवळासाठी आणलेल्या 400 नर्तिकांची नावं, त्यांची गल्ली आणि घर कितवं, हेसुद्धा त्यात आहे.

शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाईड छातीठोकपणे सांगतात. पडते. संध्याकाळी पूर्वेच्या अंगणात उभं राहून खात्री करून घ्या.

गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या मार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. चोळांनंतरच्या आणि मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळातल्या चित्रांखाली दडलेली ही चित्रं 1931 मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांनी उजेडात आणली. तो भाग सर्वसामान्यांसाठी खुला नसतो, पण आवारातल्या पुरातत्त्व खात्याच्या दालनात त्यांची छायाचित्रं पाहायला मिळतात. ते दालन बहुतेक जण चुकवतात.

आता मराठी वाचकासाठी खास. नैर्ऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे. त्या बाजूच्या ओवरीकडे वळा. भिंतीवर अक्षरं ओळखीची वाटू लागतील, कारण ती बाळबोध आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला हा भोसले घराण्याचा इतिहास. चार-दोन ओळी नाहीत. भिंतीच्या भिंती भरल्या आहेत. मोठ्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. भाषा सव्वादोनशे वर्षांपूर्वीची असल्याने सुरुवातीला चाचपडायला होतं, मग डोळा सरावतो आणि शहाजीराजे, एकोजी (म्हणजे व्यंकोजी) अशी नावं सुटी होऊन दिसू लागतात. तिरप्या उजेडात अक्षर चांगलं उठून दिसतं. बोट फिरवून वाचायचा मोह आवरा. हजार वर्षांपूर्वीचा तमिळ मजकूर आणि हा मराठी मजकूर एकाच आवारात पाहायला मिळतो, ही चैन दुसरीकडे नाही. भोसल्यांचे वारसदार आजही या देवळासह 88 देवस्थानांचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

दुपार राजवाड्यात घालवा. इथे वास्तू म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. बराच भाग थकलेला आहे. दोन गोष्टींसाठी जायचं. एक, कलादालनातले चोळ ब्राँझ. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा, साधारण 1011 सालचा. डोक्यावर जटांचा फेटा, एक पाय सहज दुमडलेला आणि उजवा हात बैलाच्या पाठीवर टेकवल्यासारखा. बैल आता तिथे नाही. हात मात्र अजून तसाच टेकलेला आहे. मी तंजावरमध्ये एकच वस्तू पाहा असं सांगायचं ठरवलं, तर देऊळ सोडून हीच सांगेन. दोन, सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय. नायकांनी सुरू केलेला हा संग्रह सरफोजींनी वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबर मराठीची हजारो हस्तलिखितं आणि मोडीतले दफ्तर इथे आहे. सरफोजींच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी हा त्यातला विलक्षण भाग. पर्यटकाला फक्त संग्रहालय पाहता येतं; हस्तलिखितं पाहायची असतील तर आधी लिहून परवानगी काढावी लागते. साप्ताहिक सुट्टी असू शकते, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून घ्या.

संध्याकाळी पाचला पुन्हा देवळात. तोच दगड आता मधासारखा दिसतो, आणि गावातली माणसं मुलाबाळांसह अंगणात येऊन बसलेली असतात.

दुसरा दिवस: तिरुवैयारु, स्वामिमलै, दारासुरम

सकाळी कुंभकोणमकडे निघताना तिरुवैयारुत थांबा. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला इथे आराधना होते आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच निवडक रचना गातात. इतर दिवशी अगदी शांत. गावचा अशोका हलवा मुगाच्या डाळीचा असतो, तुपाने निथळणारा. दोघांत एक घ्या.

स्वामिमलैला मुरुगनाचं, म्हणजे कार्तिकेयाचं देऊळ आहेच, पण मी तिथल्या स्थपतींच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या कारखान्यांसाठी जायला सांगेन. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचे लेप, मग भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडल्यावरच मूर्ती हाती येते, त्यामुळे एका साच्यातून एकच. काल राजवाड्यात पाहिलेले ब्राँझ याच पद्धतीचे. विकत घेण्याची सक्ती कोणी करत नाही, तरी कारागीर कामात असताना फार वेळ प्रश्न विचारत उभं राहू नये.

कुंभकोणमला जेवा, पडून राहा. चारला दारासुरम. गावापासून तीन-चार किलोमीटरवर. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं हे ऐरावतेश्वराचं देऊळ तंजावरच्या निम्म्याहूनही कमी उंचीचं आहे, आणि कोरीव काम त्याच्या कितीतरी पट. तंजावरला मागे सरकून पाहावं लागतं. इथे नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जा. पुढच्या मंडपाला चाकं आणि उधळलेले घोडे आहेत, म्हणजे अख्खा मंडप रथ. मुख्य देवळाच्या जोत्यावर, गुडघ्याच्या उंचीवर, 63 नायनमार संतांच्या कथा वीतभर पट्ट्यांत कोरल्या आहेत. त्या पाहायला उकिडवंच बसावं लागतं. बैल आणि हत्ती यांचं एकच डोकं असलेलं शिल्प शोधायला मुलांना सांगा: एक बाजू हाताने झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. बलिपीठाच्या सूर देणाऱ्या पायऱ्यांना आता जाळी लावली आहे, वाजवून पाहता येत नाहीत. आवार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली असल्याने मोठ्या पावसात पाणी साचतं.

रात्री कुंभकोणमच्या बाजारात फिरा. पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी, आणि सकाळी मिळाला तर इडलीबरोबर कडप्पा. हा मुगाची डाळ आणि बटाट्याचा पातळसर रस्सा, आंध्रातल्या गावाशी घोळ घालू नका. महामहम तलावाला एक फेरी मारा. इथला बारा वर्षांनी येणारा स्नानाचा मेळा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये आहे; त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर खोल्यांची सोय फार आधी करावी लागेल.

तिसरा दिवस: गंगैकोंड चोळपुरम आणि चिदंबरम

सकाळी सातच्या आत कुंभकोणम सोडा, सामान गाडीत घेऊनच. रस्ता अणैक्करैला कोळ्ळिडम ओलांडतो. तिथला जुना बंधारा नीट पाहून घ्या, कारण 1836 मध्ये तो बांधताना दगड कमी पडला म्हणून गंगैकोंड चोळपुरमच्या देवळाच्या भिंती पाडून नेल्या होत्या. आपण जे पाहायला निघालो आहोत, त्यातलं काही आधीच चाकांखालून गेलेलं असतं.

राजराजाचा मुलगा राजेंद्र चोळ याचं सैन्य गंगेपर्यंत गेलं आणि तिथलं पाणी घेऊन आलं. त्या विजयावरून राजधानीचं हे नाव. अडीचशे वर्षं इथून राज्य चाललं. आज राजवाड्याचा पाया, एक विस्तीर्ण तलाव आणि शेतांच्या मधोमध हे एक देऊळ, एवढंच उरलं आहे. राजेंद्राने बापाच्या शिखरापेक्षा आपलं शिखर थोडं कमी उंच ठेवलं. कडा मात्र सरळ न ठेवता आत वळवल्या. हा फरक कळण्यासाठीच तंजावर आधी पाहायचं.

उत्तरेच्या बाजूच्या पायऱ्यांजवळ चंडेशानुग्रह मूर्ती आहे. शिव बसलेला, शेजारी पार्वती, पायाशी हात जोडून बसलेला भक्त चंडेश. शिव स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याभोवती फुलांची माळ गुंडाळतो आहे. देवाची बोटं माळेत गुंतलेली आणि भक्ताची मान किंचित झुकलेली, इतकं साधं. राजेंद्राने यात स्वतःचाच राज्याभिषेक सुचवला, असं अनेक अभ्यासक मानतात. समोरच्या बाजूला सरस्वती आहे. दोन्हींसाठी सकाळचा वेळ राखून ठेवा. बाहेर जेवणाची फारशी सोय नाही. पाणी आणि खाऊ बरोबर असू द्या.

इथून चिदंबरम सुमारे 45 किलोमीटर. खोली घ्या, जेवा, आणि पाचच्या सुमाराला नटराजाच्या देवळात जा. इथे मूर्ती लिंगाची नाही, नाचणाऱ्या शिवाची. आणि पंचमहाभूतांपैकी आकाशतत्त्वाचं हे स्थान. चित्सभेवर, म्हणजे नटराजाच्या गाभाऱ्यावर सोन्याचं छप्पर, आणि पडद्यामागे मोकळ्या जागेवर लटकणारी सोन्याच्या बेलपानांची माळ, तेच ते चिदंबररहस्य. पूजाअर्चा आणि कारभार पोदु दीक्षित या पुजारी समाजाकडे आहे. सभेच्या जवळ जायचं तर पुरुषांना शर्ट काढावा लागतो. देणगी ऐच्छिक, नको असेल तर हात जोडून पुढे जावं. याच आवारात गोविंदराज पेरुमाळ, म्हणजे विष्णू आहे, आणि एका ठिकाणी उभं राहून दोघांचंही दर्शन होतं.

नृत्याची आवड असेल तर पूर्व गोपुराच्या आतल्या भिंती हळूहळू पाहा. भरताच्या नाट्यशास्त्रातली 108 करणं, म्हणजे नृत्यातले अंगविन्यास, तिथे एकेका चौकटीत कोरली आहेत, संबंधित श्लोकांसकट. महाशिवरात्रीपासून इथे नाट्यांजली उत्सव असतो. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.

चौथा दिवस: पिच्चावरम

चिदंबरमपासून 15 किलोमीटरवर, वेल्लार आणि कोळ्ळिडमच्या मुखांमध्ये ही खारफुटी पसरली आहे. 2022 मध्ये तिला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. कोकणातल्या माणसाला झाडं अनोळखी नाहीत: काठीसारखी मुळं पाण्यात रोवून उभी राहणारी ती कांदळ, आणि चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर काढणारे ते तिवर. वेगळं आहे ते कालव्यांचं जाळं. रुंद पात्रातून बोट एकदम डावीकडे वळते आणि आपण फांद्यांच्या बोगद्यात शिरतो. नावाडी वल्हं आत घेतो, मुळं धरून धरून बोट पुढे ओढतो, आणि सगळ्यांना डोकी खाली घ्यायला सांगतो.

हे मोटरबोटीत मिळत नाही. ती रुंद पात्रातच फिरते. वल्ह्याची बोट घ्या आणि तीही जास्त वेळाची, कारण कमी वेळाच्या फेरीत आतल्या अरुंद कालव्यांपर्यंत पोचणं होत नाही. तिकीट घेतानाच "आत नेणार ना?" हे विचारून घ्या. पर्यटन खात्याचं बोटघर उघडताच पहिल्या बोटींत बसा. दहानंतर ऊन आणि शाळांच्या सहली दोन्ही वाढतात. ओहोटीला काही कालवे उथळ होतात, तेव्हा नावाडी वाट बदलतो. त्यावर हुज्जत घालू नका. टोपी, पाणी, आणि लाइफ जॅकेट खरोखर बांधलेलं असावं. 2004 च्या सुनामीत या झाडीच्या आड असलेल्या वस्त्यांना तुलनेने कमी फटका बसला होता, त्यानंतर इथल्या खारफुटीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आणखी दिवस हाताशी असतील तर

पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी दक्षिणेला वेदारण्यमजवळचं कोडियक्करै अभयारण्य धरावं: काळवीट, आणि हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी. वाटेत मिठागरं लागतात. 1930 मध्ये राजाजींनी त्रिचीहून पदयात्रा काढून मिठाचा सत्याग्रह केला तो वेदारण्यमलाच. मात्र हा वेगळा, पूर्ण दिवसाचा फेरा आहे, देवळांबरोबर कोंबू नये.

मला विचाराल तर मी उत्तरेला जाईन. पिच्चावरमहून पुदुच्चेरी साधारण दोन तासांवर, आणि तिथून पुढे जिंजी. शिवाजीमहाराजांनी 1677 मध्ये घेतलेला आणि राजाराममहाराजांनी मोगलांच्या वेढ्यात 1698 पर्यंत लढवत ठेवलेला हा किल्ला 2025 मध्ये मराठा लष्करी वारशाच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा यादीत आला. बाकीचे अकरा महाराष्ट्रात आहेत, हा एकटा इथे. राजगिरीची चढण उघड्या कातळावरून आहे, माकडं हातातली पिशवी ओढतात आणि वर पाण्याची खात्री नाही. पुदुच्चेरीहून पहाटे निघा, पायथ्याला तिकीट काढून थेट राजगिरी चढा, आणि कल्याणमहाल, धान्यकोठारं ही खालची ठिकाणं उतरल्यावर पाहा.